लिंबं ठेवलीत, आता गाडी हलवा

मोटरमनतात्यांनी कुणाला दोन हातांनी नमस्कार केलेला मी पाहिला नाही, एक वेळ सोडली तर. उजवा हात छातीपाशी यायचा, तोही अर्धवट. डावा जिथं दाबून ठेवलेला असेल तिथंच राहायचा. खुर्चीत बसले तर खुर्चीच्या हातावर, रिक्षात बसले तर पुढच्या आडव्या दांडीवर, उभे असले तर छत्रीच्या मुठीवर. ऐन एप्रिलात, मोशीच्या रणरणत्या उन्हात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना हा माणूस छत्री टेकत यायचा आणि ती उघडायचा मात्र नाही. रस्त्यानं चालताना हाताखाली दाबायला काहीतरी हवं, म्हणून ती छत्री.

कारण सोपं होतं. जुन्या विजेच्या लोकलमध्ये मोटरमनच्या डाव्या हाताला एक मूठ असते. गाडी पळतेय तोवर ती मूठ खाली दाबून धरायची. मोटरमनला चक्कर आली, डुलकी लागली, हात सुटला, की मूठ वर येते, आपोआप ब्रेक लागतात आणि गाडी थांबते. तात्यांनी पुणे-लोणावळा मार्गावर सगळी नोकरी ती मूठ दाबण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर मूठ गेली, दाबणं राहिलं. “हात उचलला की थांबते,” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. गाडीबद्दल तर बोलायचेच, पण सुनेच्या स्वयंपाकाबद्दल, सोसायटीच्या पाण्याच्या मोटरीबद्दल, देशाच्या कारभाराबद्दलही तेच. कुणीतरी हात उचललाय, म्हणून सगळं थांबलंय, असं त्यांचं ठाम मत होतं.

गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लोकांच्या तोंडून एकदम तूप गळायला लागतं. माझ्याकडून ते होणार नाही. मला हा माणूस आवडत नव्हता आणि त्यांना मी आवडत नव्हतो. आमची ओळख भांडणानं झाली आणि पुढची सगळी वर्षं आम्ही ती इमानानं टिकवली. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी चाकणच्या एका प्रेस पार्टच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, तर मी “ओ मेंटेनन्स.” माझी बायको त्यांना एकदा बाजारात भेटली, तर तिलाही म्हणाले, “काय वहिनी, मेंटेनन्स कुठंय?”

भांडणाचं मूळ म्हणजे तो डबा. वरच्या तारेतला करंट बदलला आणि जुन्या लोकल निकामी झाल्या. एकेक करून भंगारात निघाल्या. आमच्या कंपनीचे शेठ लहानपणी तळेगावहून चिंचवडला शाळेत याच लोकलनं यायचे. त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, लिलावात त्यांनी मोटरमनच्या केबिनचा एक अख्खा डबा घेतला आणि ट्रेलरवर घालून चाकणला आणला. कंपनीच्या आवारात रुळांचे दोन लांब तुकडे टाकले, त्यावर क्रेननं डबा ठेवला आणि आम्हाला म्हणाले, “होता तसा करा.” आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. माणसं सुट्टीला घरी झोपतात, सासरवाडीला जातात. आम्ही आठ-दहा वेडे दर गुरुवारी गंज खरवडायला यायला लागलो. मीही शिकाऊ असताना त्या लोकलनं आलो-गेलो होतो, मला ती बाकं प्यारी होती. माझ्याबरोबर वेल्डर गोरख असायचा, बीडकडचा, अंगानं दांडगा आणि बोलायला मऊ.

तात्या बोलावल्याशिवाय आले. वॉचमन बबनरावांनी गेटवर अडवलं तर त्यांना म्हणाले, “माझी गाडी आत उभी आहे.” बबनराव चाकणजवळच्या खेड्यातले, साधा माणूस. त्यांना वाटलं पाहुणे पार्किंगचं बोलतायत. “व्हय का, मग जावा की,” म्हणाले आणि सोडलं. तात्या सरळ येऊन केबिनमध्ये चढले, मुठीवर डावा हात ठेवला, दाबला, आणि जिन्यावरून पाय घसरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. आतली स्प्रिंग भंगारवाल्यानं कधीच काढून नेली होती. मूठ नुसती लुळी लटकत होती. त्यांनी खिडकीतून डोकं काढलं आणि मला पहिलं वाक्य ऐकवलं, “ओ, ही गाडी कुणी मारली?”

मी म्हणालो, “आम्ही जगवतोय. तुम्ही कोण?”

“उतरा खाली,” ते म्हणाले. मी खालीच उभा होतो.

हे “उतरा खाली” पुढं आम्हाला रोजचं झालं. वाद हरायला लागले की त्यांच्या तोंडून ते निघायचं. चहा गोड झाला तर कँटीनच्या पोऱ्याला उतरा खाली. ऑफिसातली नवी मुलं डब्याच्या दारात लटकून रील काढायला लागली तर त्यांनाही उतरा खाली, आणि ती बिचारी खरंच उतरायची. एकदा शेठ स्वतः पाहुण्यांना घेऊन केबिन दाखवायला चढले. पाहुण्यांपैकी एकानं मुठीला हात लावला. तात्या आतून गरजले, “सगळे उतरा खाली!” आणि कंपनीचा मालक आपल्याच डब्यातून पाहुण्यांसकट मुकाट्यानं खाली उतरला. मला तेव्हा हसू आलं होतं, हे खोटं कशाला सांगू?

स्प्रिंग मी केली. प्रेसच्या साच्याला, डायला लागते तशी एक जाड स्प्रिंग टूलरूममधून शोधली, कापली, बसवली. तात्यांनी दाबून पाहिली. “कडक.” दुसरी बसवली. “ही म्हणजे रबर.” तिसरी बसवली. “तुम्ही मेंटेनन्सला कशाच्या जोरावर लागलात हो?” मी पाना आपटला आणि म्हणालो, तुमच्या हातातला दम गेलाय, स्प्रिंग बरोबर आहे. त्यावर त्यांनी माझा खांदा धरला आणि दाबला. नुसता दाबला. दोन दिवस मी शर्ट घालताना आई गं म्हणत होतो. पाचव्या की सहाव्या स्प्रिंगला त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. “बरी” म्हणायलाही तोंड उघडलं नाही. मला कळलं की जमली, पण म्हणून काय झालं, माणसाचं एक शब्द बोलायला काय जातं?

रंगावरून तर आमचं महिनाभर बोलणं बंद होतं. मी जुने फोटो मिळवले, त्यावरून आमच्या पेंट शॉपमध्ये शेड जुळवली आणि डब्याला अस्सल चॉकलेटी रंग मारला. तात्या आले, थबकले. “हा शेवाळी रंग कुणी मारला?”

“चॉकलेटी आहे तो.”

“मला शिकवता? हिरवट आहे सगळा. शेणाच्या गोवऱ्या थापल्यासारखा दिसतोय डबा.”

मी फोटो दाखवला. फोटो खोटा आहे म्हणाले. गोरखला विचारलं, तो बिचारा म्हणाला, “तात्या, चॉकलेटीच हाय की वो.” त्यालाही उतरा खाली. त्या महिन्यातले सगळे गुरुवार तात्या नेमानं येत राहिले, पण खुर्ची डब्याकडे पाठ करून मांडायचे. बारा वाजेपर्यंत तसे बसायचे, घरून आणलेला जेवणाचा डबा खायचे आणि घरी जायचे. आता हा छळ नाही तर काय आहे?

एकदा मात्र त्यांचं बरोबर होतं. आम्ही पडलो कारखान्यातली माणसं. जमीन दिसली की तिच्यावर पिवळे पट्टे ओढायचे, चालायची वाट आखायची, प्रत्येक वस्तूवर नाव चिकटवायचं, हे आमच्या रक्तात गेलंय. डबा पुरा होत आला तेव्हा कुणीतरी उत्साहानं आतल्या फरशीवर दोन पिवळे पट्टे मारले, बाकांवर आकडे टाकले आणि पंख्याखाली “पंखा” अशी पाटी लावली. तात्यांनी पाटी वाचली. शांतपणे माझ्याकडे बघितलं. “ओ मेंटेनन्स, लोणावळ्याला जाणारी बाई पंख्याला काय समजत होती इतकी वर्षं?” मी पट्टे त्याच दिवशी थिनरनं पुसले. शिव्या घालत पुसले, पण पुसले.

खरं मोठं भांडण झालं ते चाकांवरून. आमचं आवार गेटकडे उतरतं आहे. उतार बारीक आहे, डोळ्याला दिसत नाही, पण रुळावरच्या चाकाला कळतो. रूळ संपले की पुढं गेट आणि गेटबाहेर कंटेनरचा रस्ता. डब्यात ना हवेचा दाब, ना ब्रेक. उद्या चार पोरांनी मस्तीत ढकलला तर? मी गोरखला सांगितलं आणि त्यानं चाकांना रुळांवर वेल्डिंगचे टाके मारले. तात्यांना हे नंतरच्या गुरुवारी कळलं. ते वाकले, टाक्यांवर बोट फिरवलं आणि असे ताठ झाले की मला वाटलं आता छत्री डोक्यात घालतात.

“गाडीचे पाय बांधलेत?”

“सेफ्टी आहे ती.”

“हिला हलवायची आहे मला.”

“कुठं हलवणार? पुढं गेट आहे.”

“वीतभर. मला वीतभर पुरे.”

मी नाही म्हणालो. आजही विचाराल तर नाहीच म्हणेन. मेंटेनन्सच्या माणसानं ब्रेक नसलेली गाडी उतारावर मोकळी सोडायची नसते, त्यात मोटरमन असो नाहीतर मोटरमनचा बाप. तात्यांनी शेठकडे तक्रार नेली. शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. तिथून पुढं दर गुरुवारची सुरुवात एकाच वाक्यानं व्हायची, “टाके कधी काढताय?” आणि माझंही उत्तर ठरलेलं होतं, “काढणार नाही.”

डब्याचं उद्घाटन खंडेनवमीला ठेवलं. त्या दिवशी आमच्या पट्ट्यात एकही मशीन राहत नाही जिला हार-फूल मिळत नाही. लेथ, प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट, साहेबांच्या गाड्या, सगळ्यांची पूजा. गुरुजी सकाळपासून कंपन्या करत फिरतात. आमचे गुरुजी आले तेव्हा त्यांनी आधीच कितीतरी टेंपो आणि ट्रक उरकलेले होते. त्यांनी डब्याला गंध लावलं, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. हात आपोआप पिशवीत गेला, लिंबं निघाली, आणि प्रत्येक चाकापुढं रुळावर एकेक लिंबू जाऊन बसलं. आम्हीही त्यातलेच. कुणाला काही वावगं वाटलं नाही. गोरखनं तर मागं राहिलेलं एक चाक दाखवून तिथंही ठेवायला लावलं. मग गुरुजी बाजूला सरले, हात वर केला आणि ट्रकवाल्यांना सांगतात त्याच सुरात म्हणाले, “हं, घ्या गाडी पुढं!”

कुणी हललं नाही. अहो, हलणार काय? गुरुजींनी पुन्हा हात केला. मग त्यांच्याही ध्यानात आलं. सगळी कंपनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. नवीन गाडीपुढं ठेवलेलं लिंबू चाकाखाली चिरडायला हवं, हे आमच्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठेवलेलं लिंबू परत उचलायचं, असं कुणी कधी केलेलं नव्हतं. बायका कुजबुजायला लागल्या. शेठ घाम पुसत म्हणाले, “काढून टाका हो ती.”

“खबरदार कुणी हात लावाल तर!” तात्या गर्दीतून पुढं आले. चाकापुढं छत्री रोवली. “लिंबं ठेवलीत ना? आता गाडी हलवा.”

“तात्या, तमाशा करू नका,” मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी सांगितलं. मला एकट्याला नाही, सगळ्या कंपनीसमोर, ओरडूनच. “मला कसं उतरवलं माहितीय का तुम्हाला? डोळ्यांची तपासणी झाली. लाल-हिरवं ओळखत नाही म्हणाले. मी लोणावळ्याहून गाडी घेऊन शिवाजीनगरला आलो, तर फलाटावर माझ्या जागी दुसरा मोटरमन उभा. तात्या, इथून पुढं मी नेतो, म्हणाला. उभ्या गाडीतून उतरलो मी! माझ्या हातानं शेवटची गाडी थांबवतोय हे मला ठाऊक तरी पाहिजे होतं की नाही? एकदा चालत्या गाडीवर हात ठेवायचाय आणि माझा मी उचलायचाय. वीतभर चालवा नाहीतर बोटभर. तुमच्या मायला, एवढं पण जमत नाही का तुम्हाला?”

 चॉकलेटी आणि शेवाळीचा उलगडा मला त्या क्षणी झाला. तरी मी म्हणालो, “उतार आहे, तात्या. नाही जमत.”  मग फुटलेल्या नारळाच्या करवंट्या त्यांनी गोळा केल्या, पुढच्या चाकांपुढच्या लिंबांवर उपड्या घातल्या आणि घरी गेले. पेढाही घेतला नाही.

त्या लिंबांनी मला वर्षभर पिडलं. झाडणाऱ्या बाया तिकडं फिरकत नसत. मागची लिंबं मुंग्यांनी आणि पाखरांनी संपवली, पण करवंटीखालची टिकली. सुकून काळी ठिक्कर झाली. बबनराव रोज सकाळी करवंटी उचलून बघायचे आणि मला बातमी द्यायचे, “हायत अजून.” कंपनीत प्रेस बंद पडला की लोक म्हणायचे, लिंबू अडकलंय ना, मग असंच व्हायचं. एकाचं लग्न मोडलं, तेही लिंबावर गेलं. तात्या गुरुवारी यायचे, करवंटीजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि मी समोरून गेलो की छत्रीचं टोक रुळावर आपटायचे. टक, टक. मला झोपेत तो आवाज यायचा, एवढा मी वैतागलो होतो.

आणि मग ते यायचे बंद झाले. एक गुरुवार गेला, दोन गेले. मला वाटलं, बरं झालं, सुटलो. तिसऱ्या गुरुवारी मी केबिनचा दरवाजा घासत होतो आणि कुणी “चुकतंय” म्हणत नव्हतं. चहा गोड होता, कुणी काही बोललं नाही. दिवसभर माझं डोकं फिरलेलं होतं. संध्याकाळी मोशीला परतताना मी स्कूटर त्यांच्या बिल्डिंगकडे वळवली.

दार तात्यांच्या बायकोनं, काकूंनी उघडलं. काकूंना मोतीबिंदू, दिसत कमी, पण आवाजावरून म्हणाल्या, “मेंटेनन्स का? या.” म्हणजे घरातही माझं हेच नाव! आत तात्या कॉटवर पडलेले. हृदयाचं दुखणं निघालं होतं, डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. मी त्यांचा डावा हात शोधला. तो चादरीवर उताणा पडला होता. काहीही धरलेलं नव्हतं, कशावरही दाब नव्हता. मी म्हणालो, “काय तात्या, डब्याचा रंग बदलायचा विचार चाललाय. शेवाळी मारू का?” ते बारीक आवाजात म्हणाले, “मारा. तुमचंच खरं.”

मला रडू आलं असेल असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस माझ्याशी सरळ बोलतो? तुमचंच खरं म्हणतो? मी काकूंचा चहासुद्धा घेतला नाही. जिन्यातूनच गोरखला फोन लावला आणि म्हणालो, ग्राइंडर तयार ठेव, टाके कापायचेत.

शेठ नको म्हणत होते. “काही झालं तर जबाबदार कोण?” मी म्हणालो, मी. मीच वर्षभर नाही म्हणत होतो, त्यामुळं त्यांना पुढं काही सुचेना. खंडेनवमी जवळच आली होती, तोच दिवस धरला. आम्ही चाकांच्या बेअरिंगात ग्रीस भरलं, टाके कापले, आणि तोवर चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावून ठेवले. त्या दिवशी तात्यांना त्यांच्या मुलानं रिक्षानं आणलं. केबिनमध्ये चढवायला चार माणसं लागली. स्टुलावर बसले, धाप लागली होती. मग खिडकीतून खाली बघितलं आणि पूर्वीचा आवाज फुटला.

“ओ मेंटेनन्स! ते ठोकळे कशाला?”

“उतार आहे.”

“काढा ते. मी आहे ना आत!”

“अहो तात्या, हवा नाहीये, ब्रेक नाहीत. तुमच्या मुठीला खाली काही जोडलेलं नाही.”

“हात उचलला की थांबते,” ते म्हणाले. “काढा!”

काढले. समोरून तरी काढले. एक मी पोत्याखाली घालून माझ्या पायाशी ठेवला, दुसरा गोरखनं त्याच्या बाजूला. जगातल्या कुठल्याही मोटरमनसाठी मी याच्याहून जास्त करणार नाही.

गुरुजी आले होते. या वेळी हात पिशवीत गेला तो मीच धरला, म्हटलं लिंबं मागच्या वर्षीची आहेत. बबनरावांनी करवंट्या उचलल्या. सगळी शिफ्ट डब्याला भिडली. चौघांनी पहारी चाकांखाली घातल्या. गुरुजींनी हात वर केला, “घ्या गाडी पुढं!” आणि लोकांनी ओरडत जोर लावला. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा आतून तात्यांचा आवाज आला, “लावा की रे जोर, जेवला नाहीत का?” आणि त्या अवजड लोखंडाच्या पोटातून एक लांब कण्हणं निघालं. चाक फिरलं. वाळलेली लिंबं कडकन फुटली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी वर बघितलं. तात्यांचा डावा हात मुठीवर होता, पूर्ण दाबलेला, शिरा वर आलेल्या. नजर पुढं, गेटच्याही पलीकडं. वीतभर झालं. हातभर झालं. लोकांनी ढकलणं कधीच सोडलं होतं, डबा आपसूक उतरत होता. रुळाचं टोक जवळ यायला लागलं.  मी ओरडणार, एवढ्यात त्यांनी हात उचलला. घाईनं नाही. सावकाश, बोटं पसरून, वरपर्यंत. माणूस आपली आयुष्यभराची वस्तू खाली ठेवतो तसा.

डबा थांबला नाही. थांबणार कसा? मी पोत्यासकट ठोकळा लाथेनं चाकाखाली सारला, पलीकडून गोरखनं सारला. खर्रकन आवाज झाला, अख्ख्या डब्याला एकदा हिसका बसला आणि तो उभा राहिला. 

 मग तात्यांनी दोन्ही हात एकत्र आणले आणि त्या मुठीला, समोरच्या काचेला, कुणाला ते मला माहीत नाही, नमस्कार केला. खिडकीतून माझ्याकडे वाकून बघितलं. डोळे भरलेले, पण तोंडावर तोच जुना माज.

“बघितलंत, मेंटेनन्स? हात उचलला, थांबली.”

मी वाकून ठोकळ्यावर पोतं ओढलं. इतक्या वर्षांत या माणसाचं एक वाक्य मी बिनविरोध जाऊ दिलं नव्हतं. रंगावरून भांडलो, स्प्रिंगवरून भांडलो, चहातल्या साखरेवरून भांडलो. गोरख पलीकडून माझ्याकडे टक लावून बघत होता.

“हो तात्या,” मी म्हणालो. “थांबली.”

“मग आता सगळे उतरा खाली,” ते म्हणाले. आत त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं.

दिवाळी त्यांना पाहायला मिळाली नाही. मी भेटायला गेलो तेव्हा काकू खुर्चीत बसल्या होत्या, छत्री कोपऱ्यात टेकवलेली. डब्याला पुन्हा टाके मारलेत, हे मी त्यांना सांगितलं; त्या म्हणाल्या, बरं केलंत, आता काय करायचंय.  नंतर माझा हात चाचपून धरला. “त्या दिवशी घरी आल्यापासून एकच सांगत होते हो. हात उचलला आणि गाडी थांबली म्हणे. शेवटच्या दिवशीसुद्धा तेच. मला उगाच वाटायचं, दुखण्यात बरळतायत. खरंच थांबली होती का?”

“खरंच थांबली होती, काकू,” मी म्हणालो. “मी चाकापाशीच उभा होतो.”

काकूंना वाचता येत नाही, हे लिहिलेलं त्यांना मुलगा वाचून दाखवेल. तर त्याला सांगून ठेवतो. बाबा रे, सगळं वाच, शिव्याही वाच, माझ्याबद्दल काय वाटेल ते वाच. ठोकळ्याचं तेवढं गाळ. आणि आमच्या कंपनीतल्या कुणाच्या तोंडून ते त्या घरात पोचलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.